चार फुटी रीफ टँकचा संप: काचवाल्याला मापं देण्याआधी आराखडा तपासून हवा आहे

काठावरचा

नमस्कार मंडळी. पुण्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ४ फूट × २ फूट × २० इंच उंचीचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यात कोरल ठेवायचा) बसवतो आहे. काच १२ एमएम. आत एका कोपऱ्यात १२ × ५ इंचांचा ओव्हरफ्लो बॉक्स (वरच्या कडेच्या दातांवरून पाणी यात सांडून खाली जातं) आणि त्याच्या तळाला १ इंची टँक निपलची (काचेतून पाइप काढायच्या जोडाची) दोन छिद्रं आधीच पाडलेली आहेत. सुरुवात सॉफ्ट कोरल आणि एलपीएसने (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल). जमलं तर पुढे थोडे एसपीएस (लहान पॉलिपचे).

कॅबिनेट आतून ४४ × २१ इंच, उंची २८ इंच. संप (टँकखालची टाकी, जिथे वरचं पाणी उतरून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं) बाजूच्या दारातून सरकवायचा आहे आणि ती फट १७ इंचच रुंद आहे, म्हणून ३६ × १६ × १६ इंच हे माप ठरवलंय. ८ एमएम काच, आतले पडदे ६ एमएम.

आराखडा असा:

- चार सारखे कप्पे: सॉक (गाळणीची पिशवी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), रेफ्युजियम (शेवाळ वाढवायची जागा), रिटर्न (पाणी परत वर ढकलणारा पंप).
- चालू पातळी ११ इंच. जितकं जास्त पाणी तितकं चांगलं, या हिशेबाने.
- एका छिद्रातून १ इंची ड्युर्सो ड्रेन (पाणी खाली आणणारा पाइप), दुसऱ्यातून रिटर्न.
- रिटर्नची दोन तोंडं पाण्याखाली ४ इंच, म्हणजे पृष्ठभागावर खळबळ कमी. लाइट गेल्यावर पाणी उलटं येऊ नये म्हणून एनआरव्ही (एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप).
- पंप ताशी ६००० लिटर. कुठेतरी 'टँकच्या दहापट' वाचलं होतं.

शनिवारी मापं द्यायची आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकांचं फॉल्स सीलिंग नवीन आहे, एवढं लक्षात ठेवून सांगा.

---

खाजण

फॉल्स सीलिंगचा उल्लेख केलात ते बरं झालं, कारण हा आराखडा नेमका तिथेच जाऊन पोचतो. कप्पे नंतर बघू. आधी दोन हिशेब करा: लाइट गेली तर वरचं किती पाणी खाली येतं, आणि ड्रेन तुंबला तर खालचं किती पाणी वर जातं.

वरून खाली. तुमच्या टँकची आतली मापं साधारण ४७ × २३ इंच. म्हणजे पातळी १ इंच उतरली की सुमारे १८ लिटर पाणी खाली येणार. रिटर्नची तोंडं ४ इंच खोल असतील तर पंप बंद झाल्यावर सायफन लागून पाणी त्या तोंडापर्यंत उतरणारच: ४ × १८ = ७२ लिटर. त्यात बॉक्समधलं ५-६ आणि पाइपमधलं २ लिटर धरा. झाले ८०.

आता संपात जागा किती? आतून ३५.४ × १५.४ इंच, म्हणजे इंचाला साधारण ९ लिटर. पातळी ११ इंच ठेवली आणि काठाखाली १ इंच सोडला, तर उरले ४ इंच, म्हणजे ३६ लिटर. बाकीचे ४४ लिटर काकांकडे.

एनआरव्हीच्या भरवशावर हे सोडू नका. रीफच्या पाण्यात झडपेच्या बैठकीवर कॅल्शियमचा थर बसतो, बारीक शंख अडकतो, आणि झडप अर्धवट मिटते. ती नवी असताना चाचणी उत्तम होते आणि फसते सहा-आठ महिन्यांनी. लावायचीच असेल तर लावा, पण ती नाहीच असं समजून हिशेब जमला पाहिजे. सायफन तोडायला पाइपात पाडलेल्या सुताभराच्या छिद्राचंही तेच. शेवाळ आणि कोरलाइनचा कठीण थर ते बुजवतात.

उपाय फुकटचा आहे. रिटर्नची तोंडं ओव्हरफ्लोच्या दातांच्या खालच्या कडेपेक्षा फक्त अर्धा इंच खाली ठेवा. पंप चालू असताना दातांवरून पाणी अर्धा-पाऊण इंच उंचीने वाहतं. तेव्हा एकूण उतार सव्वा इंच, म्हणजे २२ लिटर. बॉक्स आणि पाइप धरून ३०. संपाची चालू पातळी स्किमरकडे ९ आणि रिटर्नकडे साडेसात इंच ठेवली, तर सगळीकडे १५ इंच होईपर्यंत सुमारे ५५ लिटरची जागा आहे. हे झेपतं.

खालून वर. ड्रेन तुंबला, पंप चालूच आहे. पंप रिटर्नचा कप्पा तोंड उघडं पडेपर्यंत उपसणार. म्हणून रिटर्नचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. ११ × १५.४ इंचांचा कप्पा म्हणजे इंचाला २.८ लिटर. पंपाचं तोंड अडीच इंचांवर असेल तर साडेसातपासून तिथपर्यंत ५ इंच, १४ लिटर. टँकमध्ये ते पाऊण इंचाहून थोडी जास्त जागा घेईल. म्हणजे टँकची चालू पातळी काठापासून किमान सव्वा इंच खाली हवी. ओव्हरफ्लोचे दात किती उंचीवर आहेत ते मोजून सांगा. सगळा खेळ त्यावर आहे.

अर्थात कप्पा फारच लहान केला तर रोजच्या बाष्पीभवनात पंप हवा ओढायला लागेल. तुमच्याकडे दिवसाला ५ लिटर उडालं तर या कप्प्यात पावणेदोन इंच उतार दिसेल. एटीओ (उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र) एक दिवस बंद पडला तरी पंप कोरडा चालणार नाही, इतपत हे माप आहे.

आता कप्पे. चार सारखे करण्यात अर्थ नाही. डावीकडून:

सॉकला ७ इंच. स्किमरला १४ इंच, आणि त्याच्या पुढचा पडदा ९ इंच उंच, कारण स्किमरला ठरलेली, न हलणारी पातळी लागते. बहुतेक स्किमर ७ ते ९ इंच पाण्यात नीट चालतात. तुमच्या मॉडेलच्या कागदावर आकडा असतो, तो बघून पडदा कापा. ९ हून कमी हवी असेल तर स्किमरखाली एगक्रेटचा (प्लास्टिकच्या चौकटी जाळीचा) पाट करा. पाट खाली सरकवता येतो, काच लहान करता येत नाही. मग बबल ट्रॅप (बुडबुडे अडवणारे पडदे): ९ इंची पडद्यानंतर १ इंच सोडून एक पडदा तळापासून दीड इंच उचललेला, त्याची वरची कड १३ इंचांवर. पुन्हा १ इंच सोडून तिसरा पडदा ८ इंच उंच. उरलेले ११ इंच रिटर्नला. काचांची जाडी धरून ३६ बसतात.

रेफ्युजियम या संपात घुसवू नका. ३ फुटांत चार गोष्टी कोंबल्या की एकही धड होत नाही.

पडद्यांच्या काचा आतल्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी २ एमएम कमी कापून घ्या, नाहीतर सिलिकॉनला जागा राहत नाही. आणि काचवाल्याशी बोलताना 'संप' म्हणू नका. त्याच्या डोळ्यांसमोर सोसायटीची जमिनीखालची टाकी येते. सरळ कागदावर बाजूने आणि वरून दोन चित्रं काढून द्या.

---

भरती_ओहोटी

हिशेबाला +१. प्लंबिंगवर लिहितो.

छिद्रं दोनच असताना त्यातलं एक रिटर्नला देणं म्हणजे ड्रेनला पर्याय न ठेवणं. दोन्ही छिद्रं ड्रेनला द्या आणि रिटर्नचा पाइप मागच्या काचेवरून वर घ्या. दिसायला थोडं वाईट, पण ही हर्बी पद्धत झाली: एक पाइप पूर्ण सायफनचा, ज्याच्यावर झडप, दुसरा आणीबाणीचा, ज्याच्यावर काहीही नाही. तीन छिद्रं असती तर बीनअ‍ॅनिमल सांगितलं असतं. त्यात मधला पाइप कमी-जास्त प्रवाह स्वतःच सांभाळून घेतो. दोनात हर्बीच. ड्युर्सोमध्ये हवा आणि पाणी एकत्र उतरतं, म्हणून गुळगुळ आवाज येतो आणि संपात फेस होतो. बैठकीच्या खोलीत ते रात्री नकोसं होतं.

बॉक्समध्ये सायफनच्या पाइपचं तोंड दातांच्या साधारण ७ इंच खाली, आणीबाणीच्या पाइपचं ३ इंच खाली. सायफनच्या तोंडाला जाळी लावा, शंख आत जाऊन बसतात. आणीबाणीच्या पाइपला जाळी नको.

संपात सायफनचा पाइप पाण्याखाली फक्त १ इंच बुडवा. जास्त बुडवला तर लाइट परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडायला अडते आणि सायफन लवकर लागत नाही. तोवर सगळा भार आणीबाणीच्या पाइपवर. त्या दुसऱ्या पाइपचं टोक पाण्याच्या वरच ठेवा. त्यातून पाणी पडायला लागलं की आवाज येतो, आणि तो आलाच पाहिजे. तोच तुमचा भोंगा.

झडप गेट व्हॉल्व्हच हवी. बॉल व्हॉल्व्ह चालतो म्हणतात, पण त्याच्या लिव्हरला केसभर हलवलं तर पातळी चार इंच उडते. अडचण अशी की हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी किंवा गनमेटलचा हातात देतात. तो नको. तांबं पाण्यात उतरतं आणि कोरल, कोळंबी, शंख यांना ते विष आहे. यूपीव्हीसीचाच मागवा. तीच गोष्ट आतून पितळी आटे असलेल्या एल्बो आणि सॉकेटची. प्लंबर सवयीने तेच लावतो, म्हणून काम चालू असताना समोर उभे राहा. स्टीलचे होज क्लॅम्पही गंजतात, प्लास्टिकचे घ्या.

टँक निपलचा रबरी वायसर फ्लँजच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला. नटाच्या बाजूला नाही. हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस. पाना लावून आवळलात तर एकतर वायसर बाहेर सरकतो किंवा काच तडकते. निपलवर टेफ्लॉन आणि सिलिकॉन दोन्ही थापायची गरज नाही. वायसरखालची काच स्वच्छ असली की पुरे.

पंप. दहापट हा संपाचा आकडा नव्हे. संपातून ताशी ४ ते ६ पट पुरतं. टँकमधला प्रवाह वेव्हमेकरने करायचा. तुमच्याकडे दगड वगळून ३०० लिटर धरले तर ताशी १२०० ते १८०० लिटर. ६००० चा पंप लावलात तर बबल ट्रॅप निकामी होतो. १८०० लिटर म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. १ इंच × १५ इंचांच्या फटीतून ते सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने उतरतं. या वेगात बुडबुड्याला वर निसटायला वेळ मिळतो. प्रवाह दुप्पट केला की वेगही दुप्पट, आणि बारीक बुडबुडे पाण्याबरोबर खाली ओढले जाऊन टँकमध्ये धुकं दिसतं.

खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. संपाच्या पातळीपासून टँकच्या पातळीपर्यंत तुमच्याकडे साधारण १.१ मीटर, त्यात तीन-चार एल्बोंचा रोध. म्हणजे १.४ मीटर धरून पंपाच्या आलेखात बघा. डीसी पंप ४००० चा घेऊन कमी वेगावर चालवा. आवाज कमी, उष्णताही कमी. खरा प्रवाह मोजायचा तर रिटर्नचं तोंड १० लिटरच्या बादलीत धरा. २० सेकंदांत भरली तर ताशी १८००.

---

शेवाळ

वरचं बहुतेक मान्य. रेफ्युजियमवर मात्र खाजण यांच्याशी असहमत. स्वतंत्र कप्पा नको हे बरोबर, पण स्किमरच्या १४ इंची कप्प्यात स्किमरचा पाया ९-१० इंचांचा असेल तर शेजारी जाळीच्या डब्यात मूठभर किटोमॉर्फा शेवाळ आणि वर छोटा दिवा सहज बसतो. दिवा टँकचे दिवे बंद झाल्यावर लावायचा, म्हणजे रात्री पीएच फार पडत नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धं शेवाळ काढून टाकायचं. नायट्रेट त्याच्याबरोबर बाहेर जातं. मात्र नव्या टँकमध्ये पहिले तीन-चार महिने याची गरज नसते. खायला काही नसेल तर किटो पांढरं पडून विरघळतं आणि उलटा त्रास देतं.

एटीओबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही. सेन्सर रिटर्नच्या कप्प्यातच लावायचा, कारण बाष्पीभवनाने फक्त तिथलीच पातळी हलते. आता खाजण यांचा दुसरा हिशेब पुन्हा बघा: ड्रेन तुंबला, रिटर्नची पातळी उतरली, आणि एटीओला वाटलं पाणी उडालं. तो गोडं पाणी ओतत सुटणार, पंप ते वर ढकलत राहणार. १४ लिटरवर बांधलेला हिशेब तिथे कोलमडतो. म्हणून एटीओला वेळेची मर्यादा हवी. एका वेळी दोन-तीन मिनिटांहून जास्त चालला तर बंद पडून शिट्टी वाजवणारा घ्या. आणि राखीव टाकी हौसेने मोठी करू नका. ४०० लिटर खाऱ्या पाण्यात २५ लिटर गोडं एकदम गेलं तर क्षारता ३५ वरून ३३ पीपीटीला (हजारात इतके भाग मीठ) येते. हे जिवावर बेतत नाही. ६० लिटर गेलं तर ३० च्या आसपास. तिथे एसपीएस साथ सोडतात.

एटीओच्या नळीचं टोक संपाच्या पाण्यात बुडलेलं नको. बुडलं आणि राखीव टाकीची पातळी उंच असली, तर पंप बंद झाल्यावरही सायफन चालूच राहतो. बाकी सगळं नीट असताना क्षारता कमी-कमी का होते, याचं उत्तर बहुतेकदा ही नळी असते.

पाणी आरओ-डीआय (आरओनंतर डीआय रेझिनमधून गाळलेलं), टीडीएस शून्य. स्वयंपाकघरातल्या आरओचं चालणार नाही. त्यात टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि हल्ली कित्येक मॉडेलांत मुद्दाम तांबं सोडतात. पिणाऱ्याला ठीक, कोळंबीला नाही.

अवांतर: संपात टाकायला किंवा टँकच्या मांडणीसाठी कोकणातल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड उचलून आणायचा मोह होतो. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मेलेला तुकडा असला तरी ती सबब होत नाही. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे दगड घ्या.

---

काठावरचा

सगळ्यांचे आभार. दात मोजले. खालची कड टँकच्या काठापासून २ इंच खाली आहे, म्हणजे चालू पातळी सव्वा ते दीड इंच खाली येईल. आकडा बसतोय असं दिसतं. मापं खाजण यांची घेतली, रिटर्न काचेवरून.

तीन शंका राहिल्या. सिलिकॉन कोणतं? पाव एचपीचा चिलर घेतोय, तो कॅबिनेटमध्येच ठेवला तर? आणि वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर रिटर्न पंप घ्यावा का?

---

भरती_ओहोटी

सिलिकॉन: साधं, फंगस-रोधक औषध नसलेलं. बाथरूमसाठीचं म्हणून जे विकतात त्यात ते असतं. काचेला लावण्याआधी स्पिरिटने पुसा, बोट लावू नका. पाणी भरायच्या आधी किमान ३ दिवस, जमलं तर ७. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, त्यामुळे पडदा चुकला तर पूर्ण खरवडूनच काढावा लागतो.

चिलर कॅबिनेटमध्ये नको. पाण्यातली काढलेली उष्णता तो आजूबाजूच्या हवेतच सोडतो. बंद खोक्यात तीच हवा परत ओढणार, कॉम्प्रेसर थांबणार नाही. बाहेर, भिंतीपासून वीतभर लांब. त्याच्यासाठी वेगळा छोटा पंप रिटर्नच्या कप्प्यात ठेवा आणि थंड पाणी सॉकच्या कप्प्यात सोडा. फक्त लक्षात घ्या, चिलरचा ताशी ८००-१००० लिटर प्रवाहही मग बबल ट्रॅपमधूनच येणार. १८०० + १००० = २८०० वर बुडबुडे दिसायला लागले तर रिटर्न थोडा उतरवा.

त्याआधी पंखा करून बघा. १ लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये संपावर आणि टँकवर पंखा लावला की २-३ अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत तो इतका उपयोगी पडत नाही. अर्थात एटीओवरचा भार वाढतो, दिवसाला ८ लिटरही उडू शकतं.

इन्व्हर्टरवर वेव्हमेकर घ्या, रिटर्न नाही. वेव्हमेकर १०-१५ वॉट खातो आणि पृष्ठभाग हलता ठेवून ऑक्सिजन देतो, तो रात्रभर चालेल. रिटर्न बंद राहिला तरी काही तास काही बिघडत नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात. सगळं ३० मिलिअँपच्या आरसीसीबीमागे (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), एक्स्टेंशन बोर्ड कॅबिनेटच्या तळाला नाही तर वरच्या भिंतीला, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झुकून मग वर जाणारी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल.

---

खाजण

दात २ इंचांवर आहेत, म्हणजे जमलं. मीठ घालायच्या आधी नळाच्या पाण्यावर ही चाचणी करा. पूर्ण दोन दिवस काढा त्यासाठी.

संप आधी बाल्कनीत एकटाच काठोकाठ भरून २४ तास. खाली वर्तमानपत्र पसरा, ठिपका लगेच दिसतो. नंतर जागेवर बसवून सगळं जोडा आणि पंप चालू करा. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. सायफन घरघर करत हवा ओढेल. मग पाव-पाव फेरा बंद करत जा, दर वेळी मिनिटभर थांबा. बॉक्समधली पातळी सायफनच्या तोंडावर चढून आणीबाणीच्या पाइपच्या कडेशी आली की थांबा. त्या पाइपातून बारीक ओघळ चालू राहिला तर उत्तम. प्रवाहातला थोडा फरक तोच पचवतो. अगदी कोरडा ठेवायचा हट्ट धरलात तर रोज झडप फिरवत बसाल.

आता गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. आणीबाणीच्या पाइपने एकट्याने सगळा प्रवाह वाहून न्यायला हवा. टँकची पातळी चढतच राहिली तर पंप उतरवा. पाइप बदलत नाही, पंप बदलतो.

मग दोन्ही पाइपांची तोंडं प्लास्टिकच्या पिशवीने बांधा आणि रिटर्नचा कप्पा पंपाला उपसू द्या. टँकच्या काठापर्यंत किती जागा उरते ते बघा. एटीओ या वेळी चालू ठेवा. तो वेळेवर थांबतो का, हेच तर बघायचंय.

शेवटी मेन स्विच बंद. पाणी उतरून स्थिर व्हायला १० मिनिटं द्या आणि संपावर त्या पातळीची रेघ मारा. परत चालू करा, सायफन मिनिटभरात आपोआप लागला पाहिजे. हे किमान पाच वेळा. पाचही वेळा पाणी त्याच रेघेवर आलं पाहिजे. एखाद्या वेळी वर गेलं तर रिटर्नचं एखादं तोंड खाली झुकलंय.

चालू असतानाची साडेसात इंचांची रेघ रिटर्नच्या कप्प्यावर वेगळ्या रंगाने मारा. पुढे पाणी बदलताना हात सैल सुटून कोणी तिच्या वर भरलं, तर वरचा सगळा हिशेब तिथेच बिघडतो. सॉक २०० मायक्रॉनचा, दर तीन-चार दिवसांनी बदला. तो तुंबून काठावरून वाहिला तरी पाणी त्याच कप्प्यात पडतं, फक्त बुडबुडे वाढतात. नव्या संपात पहिले आठ-दहा दिवस थोडे बुडबुडे टँकमध्ये दिसतील. काचेवर बुळबुळीत थर धरला की कमी होतात, तेवढ्यासाठी पडदे फोडू नका.